सव्वादोन मिनिटांचं गाणं, चाळीस वर्षांचा हिशेब

खर्जातला एक आवाज निरर्थक अक्षरांचे ठोके देत सुरू होतो. बाकीची पोरं त्याला येऊन मिळतात, आणि मग वरच्या पट्टीत, कुठेही ताण न देता, एक आवाज असा सुटतो की आपल्या हातातलं काम थांबतं. मध्ये सॅक्सोफोन येऊन जातो, तो आवाज परत येतो आणि सव्वादोन मिनिटांत सगळं आटोपतं. हा आवाज फ्रँकी लायमनचा. गाणं ‘व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह’, साल 1956, गाणाऱ्याचं वय तेरा.

रॉक अँड रोल नुकतं उभं राहत होतं तेव्हाच्या किशोरवयीन तारेतारकांमध्ये लायमन हा अगदी पहिल्यांपैकी एक. त्याची गोष्ट सगळीकडे एकाच चालीवर सांगितली जाते. हार्लेमच्या बाजूचा गरीब मुलगा, तेराव्या वर्षी प्रसिद्धी, पंधराव्या वर्षी हेरॉइन, पंचविसाव्या वर्षी आजीच्या घरातल्या न्हाणीघरात मृत्यू. ‘पोराला यश पचलं नाही’ असं म्हणून ऐकणारे मोकळे होतात. मला हे पटत नाही. ही गोष्ट व्यसनाची आहेच, पण त्याआधी ती हिशेबाची आहे. त्या मुलाच्या गळ्यावर कितीतरी मोठी माणसं जगली आणि त्याच्या पदरात काही पडलं नाही. ते गाणं आपण रचलं असं सांगणाऱ्या त्याच्या दोन साथीदारांचं म्हणणं न्यायालयात ज्यूरीने मान्य केलं, आणि वरच्या न्यायालयाने ‘यायला उशीर झाला’ म्हणून त्यांना परत पाठवलं.

गाणाऱ्या मुलाची कमाई मोठ्यांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवली पाहिजे, आणि ‘हे काम माझं आहे’ असं म्हणण्याच्या त्याच्या हक्काला मुदतीचं कुंपण असता कामा नये. एवढंच मला म्हणायचं आहे. पण ते नीट म्हणायचं तर आधी ती पाच पोरं दिसायला हवीत.

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये उत्तरेला वॉशिंग्टन हाइट्स नावाचा भाग आहे. तिथल्या स्टिट ज्युनियर हायस्कूलभोवती ही पोरं जमली. शर्मन गार्न्स आणि जिमी मर्चंट हे कृष्णवर्णीय, हर्मन सँटियागो आणि जो नेग्रोनी हे पोर्तो रिकन वंशाचे, आणि सगळ्यांत शेवटी आलेला, सगळ्यांत लहान फ्रँकी. वाद्यांना पैसे नव्हते, म्हणून बासही गळ्याने, तालही गळ्याने. जिन्याखाली, इमारतींच्या बोळकांडीत, रस्त्याच्या कोपऱ्यावर, जिथे आवाज घुमेल तिथे ही मंडळी उभी राहायची. त्या काळात त्या शहरात अशी टोळकी गल्लोगल्ली होती. फ्रँकीचे वडील ट्रक चालवत, आई लोकांच्या घरी कामाला जाई, आणि दोघंही एका मंडळात धर्मगीतं गात. घरात गाणं होतं आणि पैसा नव्हता. दहाव्या वर्षी तो किराणा दुकानात राबत होता. पुढे 1967 मध्ये ‘एबनी’ मासिकाला दिलेल्या मुलाखतीत त्याने सांगितलं की आपण वाढलो त्या वस्तीत लहान मूल असायला सवडच नव्हती.

गाण्याच्या जन्माबद्दल सँटियागो आणि मर्चंट सांगत ते असं. गार्न्सच्या इमारतीत राहणाऱ्या एका माणसाने आपल्या मैत्रिणीने लिहिलेली काही पत्रं या पोरांना दिली, की बघा, यातून तुम्हाला गाण्यासाठी काही सापडतं का. त्यातल्या एका ओळीवर दोघांनी चाल बांधली. मुख्य आवाज तेव्हा सँटियागोचा होता. ‘व्हॅलेंटाइन्स’ या गटाचा गायक रिचर्ड बॅरेट याने पोरांना ऐकलं आणि ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या जॉर्ज गोल्डनरकडे नेलं. तिथे मुख्य आवाज फ्रँकीचा झाला. गोल्डनरच्या ‘जी’ या कंपनीने जानेवारी 1956 मध्ये तबकडी बाजारात आणली. अमेरिकेच्या मुख्य यादीत ती सहाव्या स्थानापर्यंत गेली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या स्थानावर पोचली. गेल स्टॉर्म आणि ‘द डायमंड्स’ या गोऱ्या कलाकारांनीही तेच गाणं त्याच वर्षी गाऊन विकलं. पुढच्या वर्षी ही पोरं लंडनच्या पॅलेडियम या प्रसिद्ध नाट्यगृहात गात होती.

इथे जरा थांबून पैशाची वाट समजून घेऊ, कारण सगळी मेख तिथे आहे. तबकडी विकली गेली की पैसा दोन नळांतून वाहतो. एक नळ गाणाऱ्याचा. त्यातून आधी स्टुडिओचा खर्च, कपडे, प्रवास, आगाऊ दिलेली रक्कम असं सगळं वळतं होतं, आणि खाली उरलं तर गाणाऱ्याला. दुसरा नळ गाणं रचणाऱ्याचा. तेव्हाच्या अमेरिकन कायद्याने तबकडीच्या प्रत्येक गाण्यामागे दोन सेंट ठरलेले होते, ते प्रकाशक आणि रचनाकार यांच्यात वाटले जात. दोन सेंट म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण हा नळ गाणाऱ्याबरोबर आटत नाही. गाणं दुसऱ्याने गायलं तरी तो वाहतो, रेडिओवर लागलं तरी त्यातून वेगळं मानधन येतं, पंचवीस वर्षांनी कुणी पुन्हा गायलं तरी पैसे येतात. 1964 मध्ये ‘बीच बॉइज’ या गटाने हे गाणं केलं, 1981 मध्ये गायिका डायना रॉसने केलं आणि तिचंही अमेरिकेत पहिल्या दहांत गेलं. दर वेळी पैसे निघाले. ते कुणाकडे जायचे हे ठरत होतं तबकडीच्या मधल्या गोल कागदावर, गाण्याच्या नावाखाली कंसात बारीक अक्षरांत छापलेल्या नावांवरून.

आता तो कंस बघा. सुरुवातीच्या तबकड्यांवर लायमन आणि सँटियागो अशी नावं होती. मग सँटियागो गळला आणि लायमनशेजारी गोल्डनर आला, म्हणजे ज्याची कंपनी तोच रचनाकार. गोल्डनरला जुगाराचा नाद होता. देणी वाढत गेली तशा त्याने आपल्या कंपन्या मॉरिस लेव्हीला विकल्या, आणि साठच्या दशकात गोल्डनरच्या जागी लेव्हीचं नाव चढलं. हा लेव्ही ‘बर्डलँड’ या प्रसिद्ध जॅझ क्लबशी आणि ‘रूलेट’ या कंपनीशी जोडलेला, न्यूयॉर्कच्या गुंडटोळ्यांशी ऊठबस असलेला माणूस. 1988 मध्ये एका घाऊक विक्रेत्याकडून खंडणी उकळण्याच्या कटात तो दोषी ठरला आणि शिक्षा भोगण्याआधीच 1990 मध्ये वारला. पोरांनी चाल बांधली तेव्हा हा माणूस त्यांच्या आसपासही नव्हता. तरी सातबारा त्याच्या नावावर झाला.

आणि सातबाऱ्यावर ज्याचं नाव शेवटपर्यंत टिकलं, त्या लायमनला तरी काय मिळालं? रचनाकार म्हणून जिवंतपणी एक पैसाही नाही.

1957 मध्ये त्याला गटातून वेगळा काढून एकटा गायला लावला. तो निर्णय एका चौदा वर्षांच्या मुलाने घेतला असं मानायचं असेल तर खुशाल मानावं. मित्र गेले, आणि पाठोपाठ निसर्गाने आपलं काम केलं, आवाज फुटला. ज्या कोवळ्या आवाजावर सगळा बाजार उभा होता तो टिकणार नाही हे आजूबाजूच्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक होतं. वयात येणं हा काही अपघात नव्हे. पण त्या दिवसासाठी कुणी काही बाजूला काढून ठेवलं नव्हतं. त्याच उन्हाळ्यात, रेडिओवरून रॉक अँड रोल लोकप्रिय करणाऱ्या अ‍ॅलन फ्रीडच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात तो एका गोऱ्या मुलीबरोबर नाचताना दिसला, दक्षिणेकडच्या वाहिन्यांनी ओरड केली आणि तो कार्यक्रमच थोड्या दिवसांत बंद पडला. पुढची दहा वर्षं म्हणजे व्यसन, उपचार, पुन्हा व्यसन, 1966 मध्ये अटक, मग जॉर्जिया राज्यातल्या फोर्ट गॉर्डनमध्ये सैन्यातली नोकरी आणि तिथेच एका शिक्षिकेशी लग्न. 1968 च्या फेब्रुवारीत ‘रूलेट’साठी नव्या ध्वनिमुद्रणाला तो न्यूयॉर्कला परतला. 27 फेब्रुवारीला आजीच्या घरी न्हाणीघरात तो मेलेला सापडला, शेजारी सुई पडलेली. ध्वनिमुद्रण दुसऱ्या दिवशी होतं. ब्राँक्सच्या सेंट रेमंड दफनभूमीत त्याला पुरलं. त्या थडग्यावर कितीतरी वर्षं नावाचा दगडही नव्हता.

कुणी म्हणेल, पैसे मिळाले असते तरी ते हेरॉइनमध्येच गेले असते. असेल. मी त्याला निर्दोष ठरवायला बसलेले नाही. पण मजुरी ही चांगल्या वर्तणुकीबद्दलचं बक्षीस नसते. गवंड्याचं घर कसं चालतं ते बघून आपण त्याचे पैसे द्यायचे की नाही ते ठरवत नाही. इथे मात्र मुलगा वाया गेला या एका गोष्टीखाली बाकी सगळं झाकलं गेलं. त्याच्या हिशेबाची वही कुणी उघडलीच नाही.

त्याच काळात दुसरा एक मुलगा गात होता, रिकी नेल्सन. त्याचं कुटुंब आपल्या संसारावरचीच मालिका रेडिओवर आणि मग दूरचित्रवाणीवर करत असे. 1957 मध्ये, सोळा-सतरा वर्षांचा असताना, त्याची पहिली तबकडी गाजली आणि रॉयल्टीवरून कंपनीशी वाद झाला. तिथपर्यंत गोष्ट सारखीच आहे. फरक पुढचा. रिकीचे वडील ओझी नेल्सन हे बँडमास्तर, अभिनेते, निर्माते तर होतेच, शिवाय त्यांनी कायद्याची पदवी घेतलेली होती. त्याच वर्षी मुलगा त्या कंपनीतून बाहेर पडला आणि दुसऱ्या कंपनीशी चांगल्या अटींवर करार झाला. मला रिकीचा हेवा करायचा नाही, तो चांगला गायक होता. पण ज्याच्या वडिलांना करार वाचता येतो त्याचं रक्षण वडील करतील, आणि ज्याचे वडील ट्रक चालवतात त्याचं रक्षण कायद्याने करायला हवं. कायदा असतो तो त्या दुसऱ्या मुलासाठी.

असा कायदा अमेरिकेला ठाऊक नव्हता असंही नाही. चॅप्लिनच्या 1921 च्या ‘द किड’मधला जॅकी कूगन आठवत असेल. त्या पोराने लाखो डॉलर कमावले आणि आई व सावत्र वडिलांनी ते उडवले. वयात आल्यावर तो न्यायालयात गेला तेव्हा त्याच्या वाट्याला सव्वा लाख डॉलर आले. त्या प्रकरणानंतर 1939 मध्ये कॅलिफोर्नियाने बालकलाकारांच्या कमाईचा कायदा केला. पण तो कॅलिफोर्नियाचा, आणि त्यालाही पळवाटा होत्या. त्या बुजवून, मुलाची कमाई ही मुलाचीच मालमत्ता आणि तिच्यातले किमान 15 टक्के सक्तीने ठेवीत, अशी तरतूद व्हायला 2000 साल उजाडलं. न्यूयॉर्कने सक्तीच्या ठेवीचा कायदा केला 2003 मध्ये. लायमनला जाऊन तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती.

आता त्या कंसातल्या नावांकडे परत येऊ. जुन्या अमेरिकन कायद्यात गाण्याचा स्वामित्वहक्क 28 वर्षांचा असे, नंतर तो पुन्हा नव्याने नोंदवावा लागे, आणि रचनाकार हयात नसेल तर हा नूतनीकरणाचा हक्क त्याच्या विधवेकडे आणि मुलांकडे जाई. 1956 मध्ये 28 मिळवले की 1984. आणि त्याच्या तीनच वर्षं आधी डायना रॉसमुळे गाणं पुन्हा कमावू लागलं होतं. तेव्हा लायमनच्या तीन विधवा पुढे आल्या. त्यांपैकी एक ‘प्लॅटर्स’ या गटाची गायिका झोला टेलर. खालच्या न्यायालयाने एकीचं लग्न वैध धरलं, वरच्या न्यायालयाने तो निर्णय फिरवून जॉर्जियातल्या शिक्षिकेचा, एमिरा ईगलचा, हक्क मानला. तेव्हा कुठे लायमनच्या वाट्याचे पैसे त्याच्या वारसाला मिळू लागले.

या खटल्याला खूप प्रसिद्धी मिळाली, त्यावर चित्रपटही निघाला. तीन बायका आणि एक नवरा म्हटल्यावर लोक वाचणारच. दुसरा खटला मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. 1987 मध्ये सँटियागो आणि मर्चंट न्यायालयात गेले. गार्न्स आणि नेग्रोनी तोवर वारले होते. हे दोघे राहिले होते आणि दोघेही गरिबीत होते. त्यांचं म्हणणं एकच होतं, की हे गाणं आम्ही रचलं. 1992 मध्ये ज्यूरीने ते मान्य केलं. 1996 मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला. कारण? आपण सहलेखक आहोत हे माहीत असताना तो दावा तीन वर्षांच्या आत लावायला हवा होता. हे तीस वर्षांनी आले. आपण लेव्हीच्या भीतीने गप्प बसलो, असं या दोघांनी सांगितलं होतं. त्याचा उपयोग झाला नाही. गाणं लायमन आणि लेव्ही यांच्या नावावर राहिलं, आणि आजही आहे.

मुदतीच्या कायद्याची बाजू मला समजते, आणि ती हलकी नाही. तीस वर्षांनी साक्षीदार उरत नाहीत. इथेच बघा, लायमन 1968 मध्ये गेला, गोल्डनर 1970 मध्ये, लेव्ही खटला चालू असताना. मेलेल्या माणसाला उलटतपासणीला कसं उभं करणार? शिवाय ज्याने एखादं गाणं रीतसर पैसे मोजून विकत घेतलं, त्याच्या दारात अर्ध्या आयुष्यानंतर कुणी येऊन उभं राहिलं तर व्यवहार चालायचे कसे? खोटे दावे करणारेही काही कमी नसतात. गाणं गाजलं की बाप पुष्कळ निघतात.

हे सगळं मान्य करूनही मी म्हणते, की दार बंद करण्याऐवजी उंबरठा उंच करा. पुरावा देण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर टाका, कडक पुरावा मागा. मागची तीस वर्षांची थकबाकी देऊ नका हवी तर, म्हणजे भल्या बुद्धीने विकत घेणाऱ्याचं दिवाळं निघणार नाही. पण उद्यापासून छापलं जाणारं नाव आणि उद्यापासून येणारा पैसा, यांना मुदत लावायचं कारण मला सापडत नाही. लेखक कोण हे तीन वर्षांनी बदलत नाही. आणि तरुण कलाकाराला आपल्या कामाची किंमत करार करताना कळत नाही, हे अमेरिकेच्या कायद्याने मान्य केलेलंच आहे. 1978 पासून पुढे जे हक्क कलाकार लिहून देतो, ते 35 वर्षांनी परत मागता येतात, कागदावर काहीही लिहिलेलं असलं तरी. म्हणजे विकलेला हक्क पस्तीस वर्षांनी परत मिळू शकतो, आणि हिरावलेलं नाव तीन वर्षांत कायमचं जातं. हे न्यायाला धरून आहे असं मला कुणी समजावून सांगावं.

त्यात तेव्हा हे दोघे शाळकरी होते. तीन वर्षं अठराव्या वाढदिवसापासून मोजली तरी एकवीस पूर्ण होताना दार बंद. एकविसाव्या वर्षी, गटही मोडलेला, हाताला मिळेल ते काम करताना, कुठला मुलगा वकील लावून लेव्हीसारख्या माणसाशी भिडेल?

हे सगळं मी इतक्या पोटतिडकीने लिहिते आहे त्याला एक घरचं कारण आहे. माझी भाची बारा वर्षांची असताना लहान मुलांच्या एका गाण्याच्या स्पर्धेसाठी निवडली गेली. वाहिनीचं नाव सांगायची गरज नाही. गोरेगावच्या एका स्टुडिओबाहेरच्या पॅसेजमध्ये आम्ही सकाळी सहापासून बसलो होतो. दुपारी एक मुलगी फायलींचा गठ्ठा घेऊन आली. बावीस पानांचा करार, सगळा इंग्रजीत, सही करायची तिथे पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या. ‘इथे, इथे आणि प्रत्येक पानाच्या खाली,’ ती म्हणाली. भावोजींनी पेन काढलं. मी मधेच हात घालून चार पानं वाचली. मुलीचा आवाज, नाव, चेहरा आणि तिने कार्यक्रमात केलेलं काहीही, कायमचं, सर्व माध्यमांत, ‘थ्रूआउट द युनिव्हर्स’ त्यांचं. अखिल विश्वात. मी विचारलं, हे घरी नेऊन उद्या आणून दिलं तर? ती मुलगी वाईट नव्हती, दमलेली होती. तिने मागच्या रांगेकडे बोट केलं. भावोजींनी माझ्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं आणि सही केली. प्रत मेलवर येईल असं सांगितलं होतं, ती कधीच आली नाही. भाची तिसऱ्या भागात बाहेर पडली. तिचा रडतानाचा चेहरा पुढे कितीतरी दिवस जाहिरातीत दिसत होता.

मी भावोजींना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही सही केली असती, हेही मला ठाऊक आहे.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. उलट कागदावर तो बऱ्याच देशांपेक्षा बरा आहे. बालकामगार कायद्यात 2016 मध्ये दुरुस्ती झाली आणि 2017 च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग 27 दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि कमाईच्या किमान 20 टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने मुदत ठेवीत टाकावी लागते. स्वामित्वहक्काच्या कायद्याचं कलम 57 तर मला फारच मोलाचं वाटतं. हक्क विकला तरी ‘हे मी केलं’ असं सांगण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा वाटा लिहून देताच येणार नाही अशीही सोय केली.

पण या नियमातलं ‘बालक’ म्हणजे चौदा वर्षं पूर्ण न झालेलं मूल. लायमनचा जन्म 30 सप्टेंबर 1942 चा. तो आज आपल्याकडे असता तर गाणं बाजारात आल्यावर नवव्या महिन्यात त्या ठेवीच्या नियमातून बाहेर पडला असता, आणि लंडनचं पॅलेडियम तर त्यानंतरचं. चौदा ते अठरा या वयात मूल करार करायला लहान आणि ठेवीच्या संरक्षणाला मोठं, असा हा प्रकार आहे. जे 20 टक्के ठेवीत जातात त्यांच्याशेजारी 80 टक्के बाहेर राहतात, हेही मला खटकतं. प्रमाण उलटं हवं. मूल वाढवायला खर्च येतो, गाण्याचे क्लास, प्रवास, आईची सुटलेली नोकरी, हे मला मान्य आहे. त्याला पाचवा हिस्सा पुरेल. आणि स्पर्धेत बोलावलेल्या मुलांना बहुतेकदा मानधनच नसतं, मग टक्केवारी कशाची काढणार?

मुदतीचं म्हणाल, तर आपला मुदतीचा कायदाही अल्पवयीनाला सवलत देतो, पण ती अठरा पूर्ण झाल्यापासून जास्तीत जास्त तीन वर्षं. म्हणजे तेच एकविसावं वर्ष. जमिनीच्या ताब्यासाठी बारा वर्षं थांबणारा कायदा लहानपणी रचलेल्या चालीसाठी एवढा घाईत का असावा? नावाच्या हक्कासाठी कलम 57 च्या जोडीला एकच वाक्य हवं, की अल्पवयात केलेल्या कामाचं लेखकपण सांगायला कोणतीही मुदत नाही. आणि करार मुलाच्या घरच्या भाषेत, सात दिवस आधी घरी. वाहिन्यांचं काही बिघडणार नाही. ज्या मुलीला सोमवारी निवडलं ती पुढच्या सोमवारीही तितकीच गोड गाते.

स्टुडिओ निदान दिसतो तरी, आता तर घराघरांत फोनसमोर गाणारी, नाचणारी मुलं आहेत आणि निर्माते म्हणजे त्यांचे आईवडीलच. फ्रान्सने 2020 मध्ये अशा मुलांची कमाई सज्ञान होईपर्यंत सरकारी संस्थेत ठेवायचा कायदा केला, अमेरिकेत इलिनॉय राज्याचा कायदा 2024 मध्ये लागू झाला. आपल्याकडे ही मुलं अजून कुठल्याच रजिस्टरमध्ये नाहीत. त्यांचे आईवडील काही खलनायक नसतात, माझे भावोजी नाहीत तसेच. पण प्रेमाने ठेवलेला हिशेबही लिहिलेला असावा लागतो.

परवा भाचीला लायमनचं गाणं ऐकवलं. आता ती पंधराची आहे, स्वतः चाली लावते, आणि प्रत्येक चालीखाली तारीख आणि नाव घालायची सवय मी तिला लावली आहे. गाणं तिने लागोपाठ तीनदा ऐकलं. मग फोनवर खालची नावं उघडली. लायमन, लेव्ही.

‘मावशी, लेव्ही म्हणजे तो सुरुवातीचा खर्जातला का गं?’

मी म्हटलं, नाही, तो शर्मन गार्न्स. मग तिला एकेक सांगितलं. सँटियागो, मर्चंट, नेग्रोनी. तिने वहीच्या मागच्या पानावर पाचही नावं लिहून घेतली.